लाओसची सावड

२ जुलै २००३

खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली ही डायरी सहा महिने कोरीच पडली होती. आज लिहायला घेतो, कारण आजची गोष्ट डोक्यात मावत नाही. मी चौथी पास, तीही दुसऱ्या खेपेला. अक्षर वाकडं आलं तर आलं.

सकाळी कृषी खात्याचे साहेब जीपमधून आले. मला वाटलं, उन्हाळ्यात राब भाजला त्याचा धूर रस्त्यावर गेला म्हणून कोणीतरी तक्रार केली. हात पुसत बाहेर गेलो. साहेब म्हणाले, "बारकूमामा, तुमच्या शेतावर परदेशी पाहुणे येणार आहेत. लाओस देशाचे. दिल्लीचं सरकार त्यांना पाण्याचे पंप देणार आहे. ते भातसानगरला धरण बघतील आणि इथे आपली सुधारित लावणी बघतील. तुमचं रस्त्याकडचं खाचर निवडलंय."

मी विचारलं, माझंच का? साहेब म्हणाले, "गाडी थेट बांधापर्यंत जाते." हे ते दोनदा म्हणाले. पण खरं कारण मला कळलं. त्यांनी माझे बांध बघितले असणार. अख्ख्या शेणवे गावात एवढे सरळ बांध कोणाचे नाहीत.

बायकोला, गिरजाला सांगितलं तर म्हणते, "पावने येतात तर येऊ दे. माणसंच हायेत ना?" हिला कशाचीच काळजी नाही. एका घरात दोघांची काळजी एकट्याने करायची म्हणजे कठीण आहे.

५ जुलै

साहेब पुन्हा आले आणि नियम सांगून गेले. पाहुण्यांना चिखल लागता कामा नये. बायकांनी गाणी म्हणायची नाहीत, भाषण ऐकू येणार नाही. जेवण शहापूरच्या हॉटेलातून येणार, शाकाहारी. आणि त्या दिवशी घरात सुकट, जवळा, बोंबील काही शिजवायचं नाही, वास जातो. मी बोलायचं नाही, फक्त मान हलवायची. शेवटी म्हणाले, "मामा, देशाची इज्जत आहे."

देशाची इज्जत माझ्या खाचरात आणून ठेवली आणि हे गेले जीपमधून निघून.

नात अक्षदा हिने पुस्तकातला नकाशा दाखवला. लाओस एवढासा, लांबट, चारी बाजूंनी मोठे देश. समुद्र कुठूनच नाही. मला बघून वाईट वाटलं. आमचं खालचं शेत असंच आहे, चहूकडून दुसऱ्यांचं, जायची वाट विचारून घ्यावी लागते. माझा मुलगा पद्माकर धरणावर पंपांचा फिटर आहे, त्याला विचारलं, "मग आपला देश मोठा का?"

तो म्हणाला, "अमेरिका मोठी. लाओस लहान. आपन मधले."

मधल्याचं मला ठाऊक आहे. वरच्याला वाकून बोलायचं आणि खालच्याशी कसं बोलायचं ते कोणी शिकवलेलं नसतं.

बांध आज परत तासले.

९ जुलै

सगळं बिघडलं. जसं झालं तसं लिहून ठेवतो, उद्या कोणी चौकशीला आलं तर आठवायला बरं.

सकाळी गाड्या आल्या. बांधावर ताडपत्री, ताडपत्रीवर खुर्च्या. पाहुणे पाच. ठेंगणे, हसऱ्या तोंडाचे, इस्त्रीचे कपडे. त्यांच्याबरोबर दिल्लीच्या बाई, ह्या सगळ्याच्या प्रमुख. प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर नवी टोपी, खांद्याला नवी पिशवी, हातात जाड फाईल. साहेब कर्ण्यावरून इंग्रजीत बोलायला लागले. खाली वाडीवरची चिमा आणि तिच्या टोळीतल्या मजूर बायका दोरी धरून सरळ ओळीत लावत होत्या. गाणी बंद, त्यामुळे लावणी चाललीय की मयत, कळत नव्हतं. मी मान हलवत होतो.

त्या पाचांतला एकजण माझ्यापेक्षा लहान, पद्माकरापेक्षा मोठा. नाव बुनमी, हे नंतर कळलं. त्यांच्या पाणी खात्यातला अधिकारी. त्याचं भाषणाकडे लक्ष नव्हतं. बांधाच्या कडेला एक खेकडा निघाला होता, तो त्याच्याकडे बघत होता. खेकडा बिळात शिरला तेव्हा ह्याने खांदा असा खाली टाकला की मी ओळखलं, ह्याने कधीतरी बिळात हात घातलेला आहे.

आता माझी चूक. आमच्याकडे रीत आहे. लावणी चालू असताना कोणी बांधावर नुसता बघत उभा राहिला तर बायका त्याच्या पायापुढे रोपांची मूठ टाकतात. त्याने बायकांना खाऊ द्यायचा, नाहीतर चिखलात उतरायचं. मूठ ओलांडून जायचं नाही. मी चिमाला सगळं बजावलं होतं, पान खाऊन थुंकू नको, मोठ्याने हसू नको. नेमकं हेच सांगायचं राहिलं. मूठ सप्पकन येऊन पडली ती बुनमीच्या चकचकीत बुटांपुढे.

मी मान हलवायची सोडून ओरडलो, "अगो चिमे! सरकारी पावना हाय तो!"

"मंग? सरकारला पाय नसतात काय?"

बायका फिस्सकन हसल्या. साहेबांचं भाषण थांबलं. बुनमीने मुठीकडे बघितलं, चिमाकडे बघितलं. मग खुर्चीत बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. साहेब "नो सर, नो सर" करत धावले. त्याने मोजे काढले, नीट घडी करून बुटात ठेवले, विजार गुडघ्यावर घेतली आणि मूठ उचलून खाली उतरला.

लावायची पद्धत त्याची निराळी, आणि सवय तुटलेली. ओळ सापासारखी जायला लागली.

चिमा म्हणाली, "ओ पावनं, भात लावता का नदी काढता?"

त्याला काही कळलं नाही, पण तो हसला आणि मागे सरकता सरकता चिखलात बसला. बदकन. कंबरेपर्यंत.

साहेबांनी डोळेच मिटले. मग दुसरा पाहुणा खो खो हसला, तिसरा हसला आणि बघता बघता पाचही जण खाली. साहेबांची मापाची दोरी पायात अडकून गुंडाळली गेली. दिल्लीच्या बाईंनी सलवार वर खोवली आणि चपला माझ्या हातात दिल्या. मी त्या धरून उभा राहिलो, ठेवायच्या कुठे ते कोणी सांगितलं नव्हतं. चिमाच्या टोळीतल्या हिरीने गाणं सुरू केलं, चिमाने उचललं. लाओसच्या लोकांनीही त्यांचं एक म्हटलं. त्याला चाल आमच्यासारखीच होती, फक्त जास्त नाकातून.

दुपारी हॉटेलचे डबे उघडले. पाहुणे दोन घास खाऊन नुसते डब्याकडे बघत बसले. तेवढ्यात गिरजा बायकांची भाकरी घेऊन आली आणि टोपलीत, एवढं सांगूनसुद्धा, जवळ्याची चटणी.

मी म्हटलं, "गिरजे, तुला काय सांगितलं होतं!"

"पावन्यांना नाय केली. बायकांना केली. बायका काय पनीर खाऊन लावनी करतील?"

बुनमीचं नाक वर झालं. तो उठून बायकांत जाऊन मांडी घालून बसला आणि हात पुढे केला. चटणीचा घास तोंडात गेला आणि त्याचे डोळे भरून आले. तिखट लागलं असणार. मी पाणी दिलं तर मान हलवली आणि परत हात पुढे केला. मग चौघेही आले. त्यांनी खेकडे धरले होते ते हिरीने निखाऱ्यावर भाजून दिले. शहापूरचे डबे साहेबांनी एकट्याने संपवले.

निघायची वेळ झाली. सगळे गाडीकडे गेले, बुनमी परत चिखलात. खाचर पुरं होईपर्यंत बाहेर आला नाही.

साहेब जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

१० जुलै

काळज्या दोन. एक, साहेब वर कळवणार. दुसरी तिच्याहून मोठी.

आमच्या गावात सावड चालते. आज तुम्ही माझ्या शेतात दिवस दिला तर उद्या मी तुमच्या शेतात दिवस द्यायचा. त्याला मजुरी नाही, त्याला दिवसच लागतो. माझ्या बापाने आणि मी कोणाचा दिवस ठेवला नाही. आणि काल बुनमीने माझ्या शेतात दिवस दिला. अख्खा.

गिरजाला म्हटलं तर ती कपाळाला हात लावून हसली. "अवो, तो खेळायला उतरला व्हता."

खेळायला उतरलेला माणूस खाचर पुरं करून जात नाही.

पद्माकराला घेऊन भातसानगरच्या विश्रामगृहावर गेलो. बुनमीच्या खोलीत टोप्या, पिशव्या, भिंतीवरची घड्याळं, काचेतली चित्रं, ह्यांचा ढीग होता. सगळ्या खात्यांनी दिलेल्या भेटी. तो ढिगाकडे हात करून काहीतरी इंग्रजीत बोलला. पद्माकराने सांगितलं, "तो म्हनतो, सगळे देतात. घेऊन घेऊन हात दुखले."

बिचाऱ्याचे हात लावणीने दुखले असणार. तेल न्यायला हवं होतं.

मी पद्माकराला म्हटलं, सांग त्याला, तुमचा एक दिवस आमच्यावर आहे. पद्माकर लाजला, पण त्याने सांगितलं. मला वाटलं, बुनमी म्हणेल, राहू द्या हो, एवढं काय. रीतच आहे तशी म्हणायची. पण त्याने ढिगावरची टोपी खाली ठेवली, माझ्याकडे नीट वळला आणि परत विचारून खात्री करून घेतली. त्यांच्या गावातही दिवसाला दिवस असतो म्हणाला. मग एक बोट वर करून म्हणाला, हो, एक दिवस. माझं शेत नदीकाठी आहे. या.

म्हणजे त्याने धरला! माफ केला नाही!

मग त्याने पांढरा दोरा काढला, माझ्या मनगटाला बांधला आणि पुटपुटला. पूजेत आपण नाडा बांधतो तसाच. परतताना पद्माकर म्हणाला, "बाबा, चार दिवसांत तो माणूस आज पयल्यांदा मनापासून हसला." हसणारच. येणं पक्कं झालं की कोणीही हसतो.

१६ जुलै

साहेब येऊन गेले. "मामा, तुम्ही पाहुण्यांना कामाला लावलंत. वर काय सांगू?" मी म्हटलं, चिमाने लावलं. मग मलाच बरं वाटलं नाही, म्हणून म्हटलं, मीच लावलं.

३० ऑगस्ट

काही झालं नाही. कोणी चौकशीला आलं नाही. हे जास्त वाईट, कारण अजून येऊ शकतात.

४ नोव्हेंबर

भात कापलं. बुनमीची ओळ शेवटपर्यंत वाकडी दिसत होती. गिरजा म्हणाली, नदी चांगली पिकली. त्या ओळीची लोंबी दाराला टांगली. दोरा मनगटावर काळा पडलाय, काढवत नाही. माझं वय झालं. माणूस एखादा दिवस अंगावर ठेवून गेला तर त्याचा हिशेब कोणाकडे जातो, हे विचारायला कोणी नाही.

११ जुलै २००४

नवी डायरी घेतली, पण लिहिण्यासारखं आजच झालं.

साहेब काल परत आले होते. दुसऱ्या कुठल्यातरी देशाचे पाहुणे आणायचे आहेत. इकडे तिकडे बघून हळूच विचारलं, "त्या चिमाबाई असतील ना?" दिल्लीच्या बाईंनी काहीतरी चांगलं लिहिलं म्हणे. हा माणूस मला एक वर्ष धसक्यात ठेवून आता चिमाबाई म्हणतो.

आज लावणीला चिमा आली. मी सवयीने बोलून गेलो, लाओसचा दिवस अजून राहिला. तर ती कंबर सरळ करून उभी राहिली.

"बारकूदादा, त्या लाओसचा एक दीस तुझ्या डोक्यात वरीसभर फिरतो. आनि माझी हाडं झिजली तुझ्या खाचरात, ती?"

"तुला मजुरी देतो की गो."

"मजुरी देतोस, नाय कोन म्हनतो? पन वर डोंगराला माझा वरकसाचा तुकडा हाय, नाचनी लावतो आमी. कधी पाय ठेवलास तिथं? कुठं हाय ते तरी ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं ती माझ्या शेतात येते आणि तिचं शेत डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे ते मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "मजुरी दिली की फिटतं."

"फिटत असल. मी नुसतं ईचारलं," ती म्हणाली आणि खाली वाकली.

जेवण गेलं नाही.

१४ जुलै

चिमाच्या वरकसावर गेलो. सांगून गेलो नाही, सांगितलं असतं तर सगळा गाव बघायला आला असता. चढ उभा आहे, गुडघे बोलायला लागले. चिमा, तिचा नवरा नामदेव आणि सून रंजना नाचणीची रोपं लावत होते. मला बघून नामदेवला वाटलं, माझी गाय हरवली.

"गाय नाय हरवली," मी म्हटलं. "लावायला आलो."

मी तिथे नुसता उभा. मग चिमाने नाचणीच्या रोपांची मूठ उचलली आणि माझ्या पायापुढे टाकली.

"खाऊ आनलास का उतरतोस?"

उतरलो. नाचणी लावायची मला सवय नाही. माझी ओळ वाकडी गेली. माझी! अख्ख्या शेणव्यात सरळ बांधाचा माणूस मी! रंजना पदर तोंडाला लावून हसत होती. चिमा म्हणाली, "दादा, तू त्या लाओसवाल्याचा भाऊच निघालास." दुपारी त्यांची भाकरी खाल्ली, कोरड्या बोंबलाबरोबर. वरून माझं खाचर दिसत होतं. वरून ते फार लहान दिसतं आणि बांध तेवढे सरळ नाहीत.

कंबर धरली आहे. गिरजा तेल चोळताना म्हणाली, "आज काय काळजी?" मी आठवून बघितलं. काही नव्हती. म्हणून थोडी भीती वाटली.

२० ऑक्टोबर

ज्याची भीती होती ते आलं. पद्माकराला वरच्या कार्यालयात बोलावलं, ठाण्याला. कागदावर लाओसचं नाव आहे, हे त्याने स्वतः सांगितलं. सव्वा वर्षाने चौकशी! मी म्हटलं, सगळं माझ्यावर घाल. म्हाताऱ्याला काय करतील? तो हसत गेला. त्याची आई पण हसली. ह्या घरात मी एकटाच शहाणा आहे.

२१ ऑक्टोबर

पद्माकर काल संध्याकाळी आला. चौकशी नाही. सरकारचे पंप लाओसला जाणार आहेत, ते बसवायला आणि तिथल्या लोकांना शिकवायला फिटर पाठवायचे आहेत. त्यात ह्याचं नाव. दोन महिन्यांसाठी, विमानाने.

मी विचारलं, एवढे फिटर असताना तूच कसा? तो म्हणाला, "बुनमीसाहेबांनीच सांगितलं दिल्लीला. ज्याच्या बापाकडं माझा एक दिवस येनं हाय, तो फिटर पाठवा."

मी खालीच बसलो. एवढ्या दुरून, एवढ्या दिवसांनी त्या माणसाने वसुलीसाठी थेट सरकारला कळवलं! किती चिकट माणूस! पद्माकर आणि गिरजा हसून हसून लोळायचे राहिले. पण मला सांगायला हरकत नाही, आतून बरं वाटलं. आपला दिवस इतका कोणी आठवणीत ठेवत नाही.

२५ जानेवारी २००५

म्हसा गावच्या जत्रेला गेलो, परवा पद्माकर निघणार म्हणून. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जायचं नाही. घड्याळं आणि टोप्या बुनमीकडे आहेत. बैलबाजारात फिरलो. एका दुकानात पितळी घंटा होत्या. दुकानदाराने विचारलं, "बैलाला का म्हशीला?"

"म्हशीला. लाओसच्या."

"कुठली जात ती?"

"जात नाय, देश हाय."

त्याने मला नीट बघितलं आणि चांगला आवाज असलेली घंटा काढून दिली. घरी येईपर्यंत एसटीत ती वाजत होती, सगळे गाय कुठे म्हणून बघत होते.

२७ जानेवारी

पद्माकर गेला. जाताना सांगितलं, बांधावर खुर्चीत बसू नको. ऊन उतरेपर्यंत काम कर. तुझ्या आजोबांनी कोणाचा दिवस अर्धा दिला नाही. विमानात खिडकीपाशी बसू नको. पाणी उकळून पी. ओळ सरळ काढ. पण फार सरळ काढू नको, त्याला वाईट वाटेल.

"बाबा, पंप बसवायचं पन सांगा कायतरी," तो म्हणाला.

पंपाचं त्याला येतं. त्याची काळजी नाही.

१५ फेब्रुवारी

टेलिफोन बूथवाल्याने हाक मारली. पद्माकराचा फोन. आवाज विहिरीतून यावा तसा. म्हणाला, पंप चालू झाला, नदीचं पाणी वर चढलं, तिकडे उन्हाळी भाताची लावणी लागली. उद्या बुनमीच्या शेतात जाणार. मी म्हटलं, "लवकर जा. उशिरा गेलास तर दिवस धरनार नाय तो." बूथवाला ऐकत होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बारकूचा मुलगा उद्या लाओसची सावड फेडणार.

१६ फेब्रुवारी

आज फेडतोय. दिवसभर आकाशाकडे बघत होतो. तिकडे सूर्य आधी मावळतो, असं अक्षदा सांगते. आमच्या उन्हात मी अंगणात बसलो होतो तेव्हा तो हात धूत असेल. मनगटाकडे बघितलं तर दोरा नाही. कधी तुटून पडला कळलंच नाही. अंगणात शोधला, मिळाला नाही.

३१ मार्च

पद्माकर आला! काळा झालाय, जाडही झालाय. आज सकाळी अंगणात सगळे जमले. चिमा वाडीवरून आली, बायकांना घेऊन. साहेबसुद्धा जीप थांबवून आले. कोणालाच धीर नव्हता.

पद्माकराने सांगितलं ते असं. तो शेतावर गेला तर बांधावर खुर्च्या! ताडपत्री! तिकडच्या साहेबांनी ह्याला हार घातला आणि भाषण सुरू केलं. आपले साहेब हे ऐकून नुसते खोकले. पद्माकराने भाषण संपायची वाट बघितली नाही. बूट काढले, मोज्यांची घडी केली, बुटात ठेवली आणि उतरला. तिकडचे साहेब धावले. बुनमी त्यांचा हात धरून हसत उभा राहिला, मग तोही उतरला. त्यांच्या म्हशीच्या गळ्यात माझी घंटा.

"मग? दिवस पुरा केलास ना?" मी विचारलं.

पद्माकर डोकं खाजवायला लागला. "बाबा, तिथंच घोटाळा झाला."

"काय झालं?"

"इंडियाचा फिटर चिखलात उतरला, हे कळल्यावर सगळं गाव आलं. बाया, म्हातारे, त्यांच्या देवळातले भिक्षू तेवढे बांधावर. सगळे खाली उतरले. दुपारच्या आधी शेत संपलं. मला काम उरलंच नाय."

"मग तुझा दिवस?"

"अर्धाच झाला. आनि ते सगळे म्हनतात, आमी तुझ्यासाठी आलो. म्हंजे तुझ्या वाटचं काम आमी केलं."

मी उभा राहिलो. "अरे, म्हणजे फेडायला गेलास आणि वाढवून आलास!"

सगळं अंगण हसलं. साहेबही हसले. हसून चिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बारकूदादा, आता अख्खं गाव बसलं तुझ्या मानगुटीवर."

"हसता काय? एवढे दिवस द्यायचे कोणी? कसे?"

"मी जातो की," चिमा म्हणाली. "काय रे पद्माकर, तिकडच्या बाया वाटंत मूठ टाकतात काय?"

"नाय मावशे. त्यांना ठावं नाय."

"बग! पंप दिलं, आनि हे कोन शिकवनार? साहेब, माझं नाव लिवा त्या दिल्लीच्या बाईकडं."

साहेबांनी खिशातून खरोखर पेन काढलं.

पद्माकराने पिशवीतून बांबूची टोपली काढली, झाकणाची, घट्ट विणलेली. तिकडे त्यात भात ठेवतात. बुनमीच्या आईने माझ्यासाठी दिली. आत पांढऱ्या दोऱ्यांची गुंडी. गिरजाने एक माझ्या मनगटाला बांधला. गुंडी मोठी होती, म्हणून सगळ्यांनी हात पुढे केले. मी चिमाला बांधला. तिने नीट बघून विचारलं, "हा बांदला म्हंजे आता तुजं देनं का माजं?" मी आणखी एक गाठ मारली.

आता सगळे गेले आहेत. ओट्यावर बसून लिहितोय. टोपली समोर आहे. ती रिकामी परत पाठवता येणार नाही, हे एक. त्यात काय घालायचं, हे दुसरं. जवळा घातला तर विमानात वास जाईल. नाचणी घातली तर त्यांना करता येईल का, आणि ती चिमाच्या वरकसावरची घ्यावी लागेल, म्हणजे तिचा आणखी एक दिवस अंगावर. शिवाय त्या गावातले सगळे खरंच आले तर माझं खाचर पुरणार नाही, वरकसावरही न्यावे लागतील, आणि चढ उभा आहे.

गिरजा आतून म्हणते, "एकटेच काय हसताय?"

मी हसत नव्हतो. मी काळजी करत होतो. पण तोंडाला हात लावून बघितलं तर ती म्हणते तेच खरं होतं.